चकतीचा फोन आणि सिमचा डबा

नौपाडा, ठाणे (प.)

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. नानांचा काळा टेलिफोन तू न्यू जर्सीला नेलास आणि तिकडच्या सिमवर चालणाऱ्या घरगुती फोनसेवेला तो जोडायचे तुझ्या मनात आहे, हे वाचून अतिशय आनंद झाला. मात्र तिथल्या एका कारागिराने ‘आतले सारे काढून नवे सर्किट बसवून देतो’ असे सुचवले आहे, हेही त्याच पत्रात वाचले आणि लगेच उत्तर लिहायला घेतले. तसे कृपा करून होऊ देऊ नकोस. बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने घडवलेल्या त्या यंत्रात बिघडण्यासारखे फार थोडे आहे, आणि आज जे अडते ते फोनच्या बाहेर, फोन आणि सिमचा डबा (सिम घालून ज्याला साधा फोन जोडतात ते यंत्र) यांच्यामधल्या वायरीवर सोडवता येते.

अडते ते असे. आपण आकडा फिरवून बोट काढले की चकती परत येताना लाइनचा प्रवाह क्षणाक्षणाला तोडते आणि जोडते: एकासाठी एकदा, पाचासाठी पाचदा, शून्यासाठी दहादा, आणि हा वेग सेकंदाला साधारण १० खंडांचा असतो. जुन्या स्ट्रोजर या यांत्रिक पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये या प्रत्येक खंडागणिक लाइन निवडणारा तिथला यांत्रिक हात एकेक पायरी वर चढत असे. १९६३ साली अमेरिकेत बेल कंपनीने बटणांचा फोन आणला. त्यात प्रत्येक बटण दाबल्यावर दोन स्वर एकाच वेळी जातात, आणि आजचे बहुतेक सिमचे डबे फक्त हे स्वरच ओळखतात. एटी अँड टी या अमेरिकी कंपनीच्या ‘वायरलेस होम फोन’ या अशाच डब्याच्या सूचनांत तर चकतीचे फोन त्यावर चालत नाहीत असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणून तू फोन नुसता जोडलास तर आलेला फोन वाजेल, रिसीव्हर उचलून बोलताही येईल. परंतु स्वतः नंबर फिरवलास की डायलटोन तसाच चालू राहील, किंवा प्रवाहाच्या त्या क्षणभराच्या खंडाला डबा रिसीव्हर टेकवल्याची खूण समजेल.

यावर उपाय म्हणजे खंड मोजून त्यांचे स्वर करणारा छोटा परिवर्तक. तो दोन प्रकारचा मिळतो, एक फोनच्या आत बसवायचा आणि दुसरा वायरीच्या मध्ये लावायचा. तू दुसराच घे. डायलगिझ्मो नावाचा तसा एक मिळतो. तो लाइनच्याच विजेवर चालतो आणि फोनच्या एका स्क्रूलाही हात लावावा लागत नाही. बँकेच्या ‘एक दाबा, दोन दाबा’ या सूचनांचीही त्यामुळे सोय होते. चकतीवर तारांकन आणि हॅश नाहीत, पण अशा काही परिवर्तकांत ठरावीक आकडा फिरवून चकती थोडा वेळ धरून ठेवली की तेही जातात.

परिवर्तक आणण्यापूर्वी चकतीची परीक्षा घे, कारण ती मंदावलेली असेल तर कोणताही परिवर्तक चुकीचा आकडा मोजेल. चकतीखाली एक इवलासा नियामक असतो. त्याची दोन वजने फिरताना बाहेर फेकली जातात आणि घर्षणाने वेग बांधून ठेवतात. पन्नास वर्षांचे तेल घट्ट झाले की हाच भाग जड होतो. शून्य फिरवून सोड: चकतीने एका सेकंदाहून किंचितच जास्त वेळात, एकसारखी घरघर करत जागेवर आले पाहिजे. मध्येच ती रेंगाळली, तर जुने तेल पुसून घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाइतका थेंब पुरतो. जास्त तेल कधीही घालू नये. मोबाइलवर तो आवाज रेकॉर्ड करून मला पाठव, म्हणजे खंडांचा वेग मी इथे मोजून सांगेन.

घंटेचा प्रश्न निराळा आहे. आपल्याकडच्या एक्स्चेंजवरून येणारा घंटेचा प्रवाह ७५ व्होल्टच्या आसपास असे. सिमचे डबे बरेचदा त्याहून कमी देतात, म्हणून घंटा नुसती खुळखुळते. अशा वेळी फोनचा तळ उघडावा लागला तरी काही तोडावे लागत नाही. घंटेच्या वाट्यांची भोके मध्यावर नसून किंचित बाजूला असतात आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली आहेत. मधला स्क्रू सैल करून वाटी जराशी फिरवली की ती घंटा वाजवणाऱ्या हातोडीच्या जवळ येते. माझ्या मते या फोनमधली ही सर्वांत सुंदर योजना आहे.

आमच्याकडे आईसाठी हीच मांडणी आहे: खिडकीजवळ सिमचा डबा, मध्ये परिवर्तक, आणि कोपऱ्यातल्या तिपाईवर क्रीम रंगाचा फोन. तिला आता स्क्रीनवरचे काही दिसत नाही, पण कोणते भोक कितव्या आकड्याचे हे तिची बोटे जाणतात, आणि त्या घंटेचा आवाज तिला आतल्या खोलीतही पोहोचतो. लँडलाइनवरून मोबाइल लावताना जानेवारी २०२१ पासून आधी शून्य फिरवावे लागते, ते सिमच्या डब्यावरून लागत नाही; मात्र ठाण्यातलीच लँडलाइन लावायची तर आधी ०२२ फिरवावे लागते. ११२ हा आपत्कालीन क्रमांक चकतीवर अवघ्या चार खंडांत जातो, याचे मला फार समाधान वाटते. तुझा ९११ हा क्रमांक परिवर्तकातून नीट जातो का, हे सेवा देणाऱ्यांना विचारून आधीच खात्री करून घे. तांब्याच्या लाइनीला एक्स्चेंजमधली ४८ व्होल्टची बॅटरी पोसत असे, त्यामुळे वीज गेली तरी फोन चालत असे. डब्याचे तसे नाही, म्हणून त्याच्यातली बॅटरी किती वेळ पुरते हेही पाहून ठेव. आम्ही डबा इन्व्हर्टरवर घेतला आहे.

आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. भिंतीतल्या जुन्या वायरिंगला डबा जोडणार असशील, तर बाहेरून येणारी तारांची जुनी जोडी आधी सोडवून घे, कारण तिच्यात अजून एक्स्चेंजची वीज असली तर डबा जळतो. दुसरे म्हणजे डबा फोनला खेटून ठेवू नकोस. टू-जी नेटवर्कवर असलेला डबा जवळ असला की रिसीव्हरमध्ये टिर्र-टिर्र असा आवाज येतो. चार हात अंतर पुरते. पलीकडच्यांना तुझा आवाज बारीक येत असेल, तर रिसीव्हर तळहातावर दोनदा हलकेच आपट. त्याच्या बोलण्याच्या बाजूला कोळशाचे कण असतात आणि ते पडून पडून एकमेकांना चिकटून बसतात.

त्या कारागिराला तेवढे ‘नको’ कळव, आणि रेकॉर्डिंग या आठवड्यात पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
अनंत