गोळी संपली तरी तपासणी सोडू नका

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या थोरल्या वहिनींचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग 5 वर्षं रोज टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणून हार्मोनचा परिणाम अडवणारी गोळी), एक दिवस चुकवली नाही त्यांनी, आणि गोळी बंद होऊन दोन वर्षांनी कंबर दुखायला लागली तर आम्ही सगळे म्हणालो हळदीच्या भांगलणीनं धरली असेल, चार महिने मलम चोळण्यात गेले, शेवटी मिरजेला स्कॅन केला तेव्हा हाडात पसरल्याचं कळलं. हार्मोनवर वाढणारा हा कॅन्सर 10-15 वर्षांनीसुद्धा परत येऊ शकतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात म्हणून मधेच गोळी सोडणाऱ्या बायकापण आहेत, त्यांनी डॉक्टरांना सांगावं, दुसरी गोळी मिळू शकते. वहिनींची ट्रीटमेंट परत चालू झालीय. यावर सविस्तर छापा, आमच्याकडं पेपर वाचतात लोक.

एक वाचक, सांगली