फिट्झरॉय आणि त्याचा बावटा

रत्नागिरी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

डार्विनवरच्या तुझ्या भाषणात त्याच्या 'बीगल' या जहाजाच्या कप्तानाला किती वेळ द्यावा, असं विचारलंस. माझं ऐकशील तर रॉबर्ट फिट्झरॉयवर वेगळंच भाषण कर.

१८२८ मध्ये, तेविसाव्या वर्षी, 'बीगल' त्याच्या हाती आलं. आधीच्या कप्तानाने दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी मॅगेलनच्या सामुद्रधुनीत खचून जाऊन स्वतःवर गोळी झाडली होती. फिट्झरॉयच्या सावत्र मामानेही, म्हणजे परराष्ट्रमंत्री कॅसलरेने, गळा चिरून जीव दिला होता. आपलंही तसंच होईल ही धास्ती त्याला होती. म्हणूनच दुसऱ्या सफरीला त्याने बोलायला एक शिकलेला सोबती मागितला आणि बावीस वर्षांच्या डार्विनची वर्णी लागली.

१८३१ ते १८३६ या पाच वर्षांच्या सफरीत त्याने दक्षिण अमेरिकेचा किनारा मोजला. रेखांश चुकू नयेत म्हणून जहाजावर २२ क्रोनोमीटर, म्हणजे अचूक घड्याळं, त्यातले काही स्वतःच्या खर्चाने. मोजणीला हवं म्हणून दुसरं जहाजही पदरच्या पैशाने घेतलं. नौदल खात्याने दमडी दिली नाही. पण पहिल्या सफरीत होडी चोरीला गेली म्हणून त्याने दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडची चार फ्युएजियन माणसं इंग्लंडला नेली आणि त्यातला एक देवीने गेला. हे भाषणात गाळू नकोस.

न्यूझीलंडची गव्हर्नरकी दोन वर्षांत संपली. त्याचं खरं काम त्यानंतरचं. १८५४ मध्ये सरकारने त्याला हवामानाच्या नोंदींच्या नव्या कचेरीवर बसवलं. गरीब मच्छीमार बंदरांना त्याने हवेचा दाब दाखवणारे बॅरोमीटर दिले. होडी लोटण्याआधी तांडेलाने पारा पाहावा म्हणून. मग ऑक्टोबर १८५९ मध्ये मेलबर्नहून परतणारं 'रॉयल चार्टर' जहाज वेल्सजवळच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर फुटलं, साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. किनारा हाकेच्या अंतरावर होता रे! ते वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

असं पुन्हा होऊ नये म्हणून त्याने इशाऱ्यांची सोय केली. १८६१ पासून, ठिकठिकाणहून तारेने लंडनला येणाऱ्या नोंदींत वादळाची लक्षणं दिसली की तारेनेच इशारा बंदरांना जाई. तिथे काठीवर कॅनव्हासचा शंकू चढे: टोक वर असलं तर वारा उत्तरेचा, खाली असलं तर दक्षिणेचा. आपल्या बंदरात बावटा लागतो, तो याच कुळातला. त्याच वर्षी 'टाइम्स'मध्ये रोजचा अंदाजही छापून येऊ लागला.

अंदाज चुकले की पेपरवाले तुटून पडत. इशारा आला की खलाशी घरी बसतात, म्हणून होड्यांचे मालक चिडत. कान बहिरे होत चालले, पैसा संपला. ३० एप्रिल १८६५ ला सकाळी त्याने वस्तऱ्याने गळा चिरला. पुढच्या वर्षी इशारे बंद केले; किनाऱ्यावरून इतकी ओरड झाली की १८६७ मध्ये पुन्हा सुरू करावे लागले. त्याच्या कुटुंबासाठी निधी जमवला तेव्हा डार्विनने शंभर पौंड दिले.

२००२ मध्ये ब्रिटिश हवामान खात्याने जहाजांसाठीच्या अंदाजातल्या 'फिनिस्टर' या सागरी विभागाचं नाव बदलून 'फिट्झरॉय' केलं. भाषणाची तारीख कळव, मी येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय