अप्पा, दहा दिवसांत गोळी सोडायची नसते

प्रिय आई आणि अप्पा,

काल फोनवर आई जे बोलली तेच रात्रभर डोक्यात घोळत होतं, "दहा दिन व्हई ग्यात, काहीच फरक पडना नही, आते कसाले खावानी ती गोयी." ती म्हणजे डॉक्टरांनी अप्पांना उदासीवर दिलेली गोळी. मी तेव्हा काही बोलले नाही कारण अप्पा शेजारीच बसलेले असणार, आपल्या घरात फोन स्पीकरवरच असतो. व्हॉट्सॲपवर लांब लिहिलं की आई दोन ओळी वाचून अंगठा पाठवते, म्हणून हे कागदावर. कागद निदान दोनदा तरी वाचला जातो.

आधी माझ्या कामाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावात कोणी विचारलं की आई सांगते, पोरगी पुण्याला उंदरं कापते. खोटं नाही, पण मी बघते ते उंदराच्या मेंदूचे काप. एका मिलीमीटरचे पंचवीस केले तर त्यातला एक, इतका पातळ. ते पाण्यात तरंगतात, बारीक ब्रशने एकेक उचलून काचेवर पसरायचा आणि कडेला घडी पडली की दिवसाचं काम गेलं. पहिल्या महिन्यात माझे निम्मे फाटले. मग आई, तू गच्चीवर ज्वारीचे बिबडे पापडासारखे पातळ घालतेस ते आठवलं, हात ओला ठेवून, ओढायचं नाही, नुसतं सोडून द्यायचं, आणि तेव्हापासून जमायला लागलं (मॅडमना हे अजून सांगितलेलं नाही).

त्या कापात हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, आठवणींचं काम तिथं चालतं. त्याच्या एका वळलेल्या पट्टीवर नव्या कोवळ्या पेशींनाच धरणारा रंग लावला की मायक्रोस्कोपमध्ये पट्टीच्या आतल्या कडेने हिरवे ठिपके दिसतात, आणि ठिपक्यातून एक बारीक शेंडा वर निघालेला. अप्पा, तुम्ही बघितलंत तर तुमच्या तोंडून पहिला शब्द 'पील' हाच येईल, केळीच्या बुडाशी नवा कोंब फुटतो तसं.

मलाही शाळेत हेच शिकवलेलं की मेंदूच्या पेशी जन्माला येताना मिळतात तेवढ्याच, पुढे नुसत्या कमी होत जातात. पण १९६५ मध्येच जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास (हो, गोपाल दास, नाव वाचून मला उगाच भारी वाटलं) यांनी छापलं होतं की उंदराच्या ह्या पट्टीत जन्मानंतरही नव्या पेशी येतात. बरीच वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. मग १९९८ मध्ये कॅन्सरने गेलेल्या पाच पेशंटचे मेंदू तपासले, त्यांना आजारपणात असं एक द्रव्य टोचलेलं होतं की जे नव्याने तयार होणाऱ्या पेशीतच खूण ठेवतं, आणि त्या खुणेच्या पेशी ह्याच पट्टीत सापडल्या. त्यातला सगळ्यात थोरला माणूस ७२ वर्षांचा होता. तुम्ही एकोणसत्तर.

आता गोळी. मेंदूत एक पेशी दुसरीला निरोप देते तो रसायनातून, तुमच्या गोळीचा संबंध त्यातल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाशी आहे. शिवारात लाईन सगळीकडून जाते, पण लाईट आली म्हणून सगळ्यांच्या मोटरी चालत नाहीत, जिथं स्टार्टर बसवलाय तिथलीच चालते, बरोबर? तसं सेरोटोनिन म्हणजे लाईट आणि पेशीच्या अंगावरचा रिसेप्टर म्हणजे स्टार्टर. एकट्या सेरोटोनिनचे डझनाच्या वर प्रकारचे रिसेप्टर आहेत आणि प्रत्येकावर वेगळी मोटर, कुठं झोप, कुठं भूक, कुठं उलटी. पहिल्या आठवड्यात तुम्हाला मळमळलं ना, ते गोळी लागू न पडल्याचं लक्षण नाही, लाईट आल्यावर भलतीच मोटर आधी चालू झाली एवढंच.

आणि हा प्रयोग तर मला तुम्हाला सांगायचाच होता. २००३ मध्ये उंदराला उपाशी ठेवून मोठ्या, उजेडाच्या, अनोळखी खोक्यात सोडला आणि खाणं ठेवलं बरोब्बर मधोमध. घाबरलेला उंदीर भूक असून कडेकडेनेच फिरतो, मध्ये जायला खूप वेळ लावतो. फ्लुओक्सेटिन नावाचं, उदासीवरचंच औषध पाच दिवस दिलं, काही फरक नाही. अठ्ठावीस दिवस दिलं, तर तोच उंदीर लवकर मध्ये जाऊन खायला लागला. मग त्यांनी काही उंदरांच्या त्या पट्टीवर एक्स-रे मारून नव्या पेशी येणंच बंद केलं, आणि औषध चालू असूनही तो फरक दिसेना. आणि ज्या उंदरांत ५-एचटी-१ए हा एकच रिसेप्टर जन्मापासून नव्हता त्यांच्यावरही औषध चाललं नाही. लाईट भरपूर, स्टार्टरच नाही.

हे वाचताना मला कोण आठवलं असेल सांगा. मावशीच्या मुलाच्या हळदीला मंडपाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले अप्पा, पंगत उठली तरी पानावर आले नाहीत, आणि आई सगळ्यांना सांगत फिरत होती की त्यांचं पोट बरं नाही.

नव्या पेशीला तयार व्हायला काही आठवडे लागतात. पिलाला आज पाणी दिलं म्हणून उद्या घड पडत नाही हे मी तुम्हाला काय सांगणार. आणि आलेली सगळी पिलं तुम्ही ठेवता का? एक जोमदार ठेवून बाकीची विळ्याने कापता. मेंदूतही नव्या पेशींपैकी बऱ्याच मरून जातात. त्यांच्या अंगावर एनएमडीए नावाचा रिसेप्टर असतो, शेजारच्यांचे निरोप तो घेतो, आणि हा रिसेप्टर काढून टाकलेल्या पेशी दोन-तीन आठवड्यांच्या असताना उंदरांत जास्त मेल्या. म्हणजे जिला काम मिळालं तिच्या जगण्याची शक्यता जास्त.

मला सगळ्यात आवडतं ते गाबाचं, हे सेरोटोनिनसारखंच निरोपाचं दुसरं रसायन. मोठ्या पेशीला गाबा 'थांब' म्हणतं. पण कोवळ्या पेशीच्या आत क्लोराइड जास्त भरलेलं असतं, त्यामुळे तेच गाबा त्याच रिसेप्टरवर बसलं की कोवळी पेशी उलटी जागी होते आणि वाढीला लागते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डबा तसाच उघडा ठेवून दोनदा वाचलं.

आता खरं तेही सांगते, नाहीतर अप्पा म्हणतील पोरगी एजंटसारखी बोलायला लागली. हे बरंचसं उंदरांचं आहे. माणसात किती नव्या पेशी येतात ह्यावर भांडण चालूच आहे, २०१३ मध्ये एका गटाने एकेका बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० असा हिशोब काढला, २०१८ मध्ये दुसऱ्यांनी मोठ्या माणसात सापडल्याच नाहीत म्हणून छापलं आणि महिन्याभरात तिसऱ्यांनी म्हातारपणीही सापडतात असं छापलं. तुमच्या गोळीने नेमकं हेच होतंय असं मी म्हणत नाही. पण माणसांतही ह्या गोळ्यांना साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. दहा दिवस म्हणजे काहीच नाही, आणि मनाने एकदम बंद करायची तर अजिबात नाही, करायचीच वेळ आली तर डॉक्टरांना विचारून हळूहळू.

दुसरं, काळजीचं. टेन्शनमध्ये वाढणाऱ्या कॉर्टिसॉल नावाच्या हार्मोनचे रिसेप्टर ह्याच भागात दाट असतात, आणि उंदरांत टेन्शन बरेच दिवस राहिलं की नव्या पेशी कमी होतात. गेल्या जूनच्या वादळात केळीची नवती बाग आडवी झाली, घड हातातोंडाशी आलेला होता, सोसायटीचं कर्ज आहे, हे मला माहीत आहे. पण रात्री दोनला उठून वहीत तेच आकडे परत मांडल्याने ते बदलत नाहीत अप्पा. वही आईकडे द्या. मी पुढच्या महिन्यापासून जे पाठवणार आहे त्याचं पहिलं पान मी लिहीन. आणि ज्या डॉक्टरांनी आधी "वय झालं, होतं असं" म्हणून परत पाठवलं त्यांचं नाव आता घरात नको, त्यात आपले चार महिने गेले, माझा त्यांच्यावरचा राग अजून गेला नाही.

तिसरं, चालणं. १२० म्हाताऱ्या माणसांवर एक प्रयोग झालेला, २०११ मध्ये छापून आला, निम्म्यांना आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालायला लावलं आणि वर्षाने त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढलेला, नुसते हातपाय ताणणाऱ्यांचा कमी झालेला. त्यात नव्या पेशी किती हे त्यातून कळत नाही, पण चालायला काय जातं? वाऱ्याने पडलेलं शेत बघवत नाही म्हणून तुम्ही मळ्यात जाणं सोडलंय, आई सांगत होती. पण सालदार म्हणाला की पिलबाग चांगली फुटलीय आणि कुठलं पील ठेवायचं ते विचारायला माणूस नाही. त्याला ते फोनवर मी कसं सांगू, मला पील आणि गवत सारखंच दिसतं.

आई, तुझ्यासाठी एकच काम. गोळ्यांच्या पाकिटावर प्रत्येक गोळीच्या मागे बॉलपेनने तारीख लिही. आजची अकरावी. अठ्ठाविसावीच्या आसपास परत डॉक्टरांकडे जायचं, त्या आठवड्यात मी आखाजीची सुट्टी धरून येतेय. बिबड्यांचं पीठ मी आल्यावरच शिजव, यंदा मी घालून दाखवते.

तुमची,
ताई