आमच्या चार देशांचा हिशेब बसवून देणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. न.

तुमचे आभार असे चारचौघांत मानतेय, कारण घरी येऊन मानायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत चहाचं आधण ठेवायला उठता आणि विषय तिथेच संपतो. या वेळी मला पूर्ण बोलायचं आहे. थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि कंबोडिया असे चार देश मी आणि माझी मैत्रीण पाठीवर सॅक टाकून फिरून आलो. ते आमच्या पगारात बसलं, आणि बसवून दिलंत तुम्ही.

हा बेत घेऊन नौपाड्यातल्या तुमच्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा आमच्याकडे पाच देशांची यादी होती आणि एकच आकडा होता: रोजचे इतके रुपये गुणिले एकूण दिवस. तुमची उभी हयात बँकेच्या परकीय चलन विभागात गेलेली. तुम्ही तो आकडा शांतपणे वाचलात, वहीचं पान उभं दुमडलंत आणि दोन रकाने केलेत. एकात देशात शिरायचा खर्च, दुसऱ्यात देशात राहायचा खर्च.

पहिला रकाना भरत गेला तशा आम्ही दोघी गप्प होत गेलो. व्हिएतनामचा ई-व्हिसा 25 डॉलर, कंबोडियाचा 30, तिथल्या अंगकोरच्या मंदिरांचा तीन दिवसांचा पास 62. लाओसचा व्हिसा न धरताच बेरीज 117 डॉलर. दहा हजारांवर रुपये गेले आणि अजून पोटात घास नाही. थायलंडसाठी आम्हाला व्हिसा लागणार नव्हता, तिथे शून्य लिहिलंत. मग यादीतल्या पाचव्या नावावर, इंडोनेशियातल्या बालीवर आलात. विमानतळावर मिळणारा व्हिसा 5,00,000 रुपिया, बेटावर परदेशी पर्यटकांकडून 2024 पासून घेतला जाणारा कर 1,50,000 रुपिया. म्हणजे नुसता उंबरठा ओलांडायला माणशी साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. शिवाय बाकीचे चार देश जमिनीने एकमेकांना लागून, आणि एकट्या बालीसाठी समुद्रावरून जायची-यायची विमानाची तिकिटं.

"दिवस कापू नका, देश कापा," तुम्ही म्हणालात.

काकू, हे वाक्य मी तेव्हापासून कितीजणांना सांगितलं असेल! आमच्या वयाची मंडळी देश मोजतात. पैसे कमी पडले की जेवण कापतात, झोप कापतात, रात्री-बेरात्री बस पकडतात, पण यादीतला देश काही सोडत नाहीत. खरा खर्च तर सीमा ओलांडताना होतो. व्हिसा, गाडीभाडं, हातातलं उरलेलं चलन बदलताना बसणारी खोट आणि प्रवासात गेलेला अख्खा दिवस. लाओसचे किप देशाबाहेर बदलून मिळणं कठीण, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत ते संपवत आणा असं तुम्ही बजावलं होतंत. बाली यादीतून कापल्यावर तेच पैसे व्हिएतनामच्या दुसऱ्या रकान्यात आले आणि आम्हाला होइ आनमध्ये घाई न करता राहता आलं. लाओसमध्ये मेकाँग नदीतून हुआय सायहून लुआंग प्रबांगला जाणारी संथ होडी घेता आली. दोन दिवस लागतात, मधली रात्र पाकबेंग नावाच्या गावात काढावी लागते. घाईतल्या माणसाला ती परवडत नाही. पैशाने नव्हे, दिवसाने परवडत नाही. पुढे लुआंग प्रबांग ते व्हिएंतियान मात्र आम्ही 2021 मध्ये सुरू झालेल्या नव्या रेल्वेने दोनेक तासांत गाठलं. कुठे वेळ खर्चायचा आणि कुठे पैसे, हे ठरवायची सवय तुमच्या त्या दोन रकान्यांनी लावली.

पैसे नेण्याबद्दल तुम्ही सांगितलेलं सगळं इथे मांडतेय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी 200 बाथहून जास्त फी कापतात. भीत भीत दोन-दोन हजार बाथ काढले तर दहावा हिस्सा फीतच जातो. म्हणून कमी वेळा आणि मोठी रक्कम काढा. दुकानातलं मशीन "रुपयांत की बाथमध्ये" असं विचारतं तेव्हा डोळे झाकून तिथलं चलन निवडा, कारण रुपये निवडले की भाव समोरची बँक स्वतःचा नफा धरून लावते. आपल्या साध्या कार्डांवर परदेशातल्या खरेदीला दोन ते साडेतीन टक्के जादा लागतात आणि त्या जादा रकमेवर जीएसटी, तेव्हा निघण्याआधी आपल्या बँकेचे दर वाचून घ्या. कंबोडियात डॉलर सर्रास चालतो, पण फाटकी किंवा डाग पडलेली नोट कुणी घेत नाही. म्हणून तुम्ही आम्हाला मनी चेंजरकडे पाठवलंत तेव्हा लहान आणि कोऱ्या नोटाच मागायला लावल्यात. त्या 1 आणि 5 डॉलरच्या नोटा सियाम रीपला सोन्यासारख्या उपयोगी पडल्या. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा, असंही म्हणाला होतात. त्याचं महत्त्व हनोईत पटलं: 20,000 आणि 5,00,000 डाँग या दोन्ही नोटा निळसर, एकीची किंमत सत्तर रुपयांच्या आसपास आणि दुसरीची सोळाशेच्या वर.

विम्याची कागदपत्रं तुम्ही चष्मा लावून ओळ न ओळ वाचलीत. माझ्या मैत्रिणीला उत्तर व्हिएतनाममधल्या हा ज्यांगच्या डोंगररस्त्यांवर स्वतः मोटारसायकल चालवायची होती. तिथल्या कायद्याने वैध परवाना नसेल तर दुचाकीच्या अपघातात विमा मिळत नाही, ही अट तुमच्या बोटाखाली आली आणि तुम्ही थांबलात. मग शोधून पाहिलं. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना 1949 च्या करारानुसार असतो आणि व्हिएतनाम 1968 च्या करारातला परवाना मानतं, म्हणजे आपला तिथे चालत नाही. तिथे भाड्याची मोटारसायकल बरेच जण परवाना न विचारताच देतात, त्यामुळे बहुतेकांना याचा पत्ता नसतो. आम्ही स्थानिक चालक घेतले आणि मागे बसलो. त्याचे जास्तीचे पैसे तुम्ही वहीत आधीच धरून ठेवले होते. मागे बसल्यामुळे दऱ्या डोळे भरून पाहता आल्या, हे तर मी हिशेबात धरलेलंच नव्हतं.

दोघींचं मिळून एक सामाईक पाकीट ठेवायचं, जेवण, राहणं आणि गाडीभाडं त्यातूनच द्यायचं, हेही तुमचंच. आमचं पैशावरून एकदाही वाजलं नाही. माझी मैत्रीण शाकाहारी, तिच्यासाठी तुम्ही दिलेलं मेतकूट चारही देशांत भातावर पडलं. व्हिएतनाममध्ये बरेच बौद्ध लोक अमावस्या-पौर्णिमेला शाकाहार पाळतात, त्यामुळे शाकाहारी खानावळी आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा खूप सापडल्या आणि स्वस्तही होत्या.

आणि आता आई. खरं तर मी हे पत्र आईमुळेच लिहायला बसले.

आईचा विरोध पैशाला नव्हता. दोन मुली, अनोळखी मुलूख, न कळणाऱ्या भाषा. रोज ऐरोलीला ऑफिसला गेलेली मुलगी आठ वाजेपर्यंत ठाणे स्टेशनात उतरली नाही तर फोन करणारी ती बाई. तिला मी नकाशे दाखवले, हॉस्टेलांचे फोटो दाखवले. प्रत्येक फोटोनिशी तिची काळजी वाढतच गेली. तुम्ही तिला यातलं काहीच दाखवलं नाहीत. वही उघडून शेवटचं पान दाखवलंत. त्यावर एकच रक्कम होती, वेगळ्या खात्यात ठेवलेली, आणि शेजारी तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "गंगाजळी. चारपैकी कुठल्याही देशातून, त्याच दिवशी, मिळेल त्या विमानाने दोघी घरी." तुम्ही आईला म्हणालात, "यातला एक रुपया फिरायला नाही. हा तुझा पैसा आहे असं समज. तू फोन केलास आणि ये म्हणालीस की या येतील."

आईने ती रक्कम बराच वेळ पाहिली आणि विचारलं, पुरेल का? तुम्ही तिच्यासमोर ऐन वेळच्या तिकिटांचे भाव काढलेत आणि सर्वांत महागड्या दिवसाचा आकडा धरलात. आई त्यानंतर एकदाच बोलली: वागळे इस्टेटला पासपोर्टसाठी तुझ्याबरोबर मी येते.

काकू, भित्या माणसाला धीर देणारे पुष्कळ असतात. तुम्ही तिच्या भीतीला हिशेबात जागा दिलीत. तिला कुणी वेडी ठरवलं नाही, समजावलं नाही. तिच्या काळजीची किंमत काढून ती बाजूला ठेवली. प्रवासात रोज रात्री फोनवर बोलताना तिचा आवाज मोकळा होता आणि त्यामुळे मीही मोकळी फिरले. त्या गंगाजळीला हात लावायची वेळ आली नाही. ती अजून त्याच खात्यात आहे.

अंगकोरबद्दल तुम्ही म्हणाला होतात, ज्यासाठी चाललात तिथे हात आखडू नका. एका दिवसाचा पास 37 डॉलर होता आणि तो घ्यायचा मोह झाला होता. तीन दिवसांचा घेतला म्हणून सूर्यवर्मन दुसरा याने बाराव्या शतकात विष्णूसाठी बांधलेल्या त्या मंदिरात पुन्हा जाता आलं. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनाचं शिल्प आहे, जवळजवळ 49 मीटर लांब, वासुकीला ओढणाऱ्या देवदानवांची रांगच्या रांग. लहानपणी तुम्ही आम्हा सोसायटीतल्या मुलांना ही गोष्ट सांगायचात. मी ते शिल्प या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहिलं. त्याचे फोटो वेगळे काढून ठेवलेत, मोठ्या पडद्यावर तुम्हाला दाखवायचे आहेत.

आणखी एक. माझ्या ऑफिसातल्या दोघी जॉर्जिया आणि आर्मेनियाला जायचं म्हणताहेत. त्यांच्याकडेही देशांची यादी आहे आणि एक आकडा आहे. येत्या रविवारी सकाळी त्यांना घेऊन येऊ का? वही आम्ही आणतो. चहाही या वेळी मीच करीन, तुम्ही फक्त पान दुमडायचं.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची