माझ्या आईचा चेहरा सध्या कोणाकडे आहे?

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर प्रणाम.

मी लालबागमध्ये अक्षरजुळणीचे काम करतो. मंडळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पाने अशी मराठी मजकुराची कामे संगणकावर लावण्यात माझी ३१ वर्षे गेली आहेत. संगणकाचे मला वावडे नाही, उलट माझे घर त्याच्यावरच चालते. हे आधीच लिहितो, कारण सरकारने सक्तीच्या केलेल्या ॲपबद्दल तक्रार करणाऱ्याला ‘तुम्हाला नवीन तंत्रज्ञान जमत नाही’ असे सांगून वाटेला लावले जाते, आणि गेल्या तीन महिन्यांत ते वाक्य मी तीन वेळा ऐकले आहे.

माझी आई ८१ वर्षांची आहे. वडिलांच्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. इतकी वर्षे ती बँकेत जायची, बँकेचे अधिकारी तिच्याकडे पाहून कागदावर सही-शिक्का करायचे आणि तो कागद मी संबंधित कार्यालयात नेऊन द्यायचो. २०२४ साली त्या कार्यालयाच्या सूचनाफलकावर स्पष्ट लिहिले होते की मोबाइलवरची सोय सुरू झाली असली तरी ज्येष्ठांसाठी कागदी दाखल्याची सोय कायम राहील. २०२५ च्या नोव्हेंबरात तो कागद फलकावरून गेला आणि खिडकीवर उत्तर मिळाले, ‘आता ॲपवरूनच करायचे.’ कार्यालयाचे नाव मी येथे लिहीत नाही. लिहिले तर त्या खिडकीवरच्या कारकुनाची बदली होईल आणि प्रश्न मिटला असे समजून फाइल बंद होईल.

आईचा फोन साधा, बटणांचा होता. म्हणून ११,४९९ रुपयांचा नवा फोन हप्त्यावर घेतला. ॲप उघडताच त्याने कॅमेऱ्याची परवानगी मागितली, ती समजण्यासारखी होती. मग त्याने फोनमधल्या नावांची यादी, आलेले संदेश आणि फोन कोठे आहे त्याचे ठिकाण, हे सारे मागितले. ८१ वर्षांची बाई जिवंत आहे की नाही हे ठरवण्यासाठी तिच्या भाचीचा फोन नंबर कशाला लागतो, याचे उत्तर त्या ॲपमध्ये कोठेही नव्हते. ‘नाही’ म्हटले की ते बंद होत असे. शेवटी मी ‘होय’ म्हटले. ते बटण मीच दाबले, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. ॲप तिला पापण्या मिटायला आणि उघडायला सांगत होते. खोलीत उजेड पुरेना म्हणून आम्ही चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकली. तिने नीट पातळ नेसले, केस विंचरले, फोटो काढायचा म्हणून कुंकू लावायचे की नाही याचा क्षणभर विचार केला आणि मग हात खाली घेतला. १४ वेळा प्रयत्न केला. १४ वेळा त्या यंत्राने सांगितले की चेहरा जुळत नाही. शेजारपाजारचे पाहत होते. शेवटी ती हळूच म्हणाली, ‘अरे, मी नसेनच रे त्यांच्या लेखी.’

दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून तिला त्याच कार्यालयात नेले. ती खिडकीसमोर उभी राहिली, नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, ओळखपत्र दाखवले. पलीकडच्या गृहस्थांनी तिच्याकडे पाहिले, तिला बसायला खुर्चीही दिली, आणि मला म्हणाले की सिस्टीम घेत नाही. महोदय, जिवंत माणूस हातभर अंतरावर बसलेला असताना, त्याला डोळ्यांनी पाहणारा, त्याच्याशी बोलणारा सरकारी नोकर तो जिवंत आहे असे लिहून देऊ शकत नाही, कारण तो अधिकार आता एका खासगी कंत्राटदाराने लिहिलेल्या आणि आपल्यापैकी कोणीही न पाहिलेल्या प्रोग्रॅमकडे गेला आहे. या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर आली. डिसेंबरचे निवृत्तिवेतन आले नाही, जानेवारीचेही नाही.

आणि मग ४ डिसेंबरला आईला फोन आला. बोलणारा मराठीच बोलत होता, अदबीने बोलत होता. त्याने तिला नावाने हाक मारली, वडिलांचे नाव सांगितले आणि म्हणाला, ‘आजी, तुमचा हयातीचा दाखला अडकलाय, चेहरा जुळत नाहीये ना?’ त्या वाक्याने तिचा विश्वास बसला, कारण चेहरा जुळत नाही हे आम्ही घरचे, शेजारी आणि ते ॲप यांच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार होते? तिने आलेला ओटीपी वाचून दाखवला. खात्यातून ३८,६०० रुपये गेले. मी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली, तक्रारीचा क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. माहिती त्या ॲपमधूनच बाहेर गेली याचा पुरावा माझ्याकडे नाही, तो मी देऊही शकत नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे की तो पुरावा कोणताही नागरिक कधीच देऊ शकणार नाही, कारण ॲप आत काय करते, चेहऱ्याचे चित्र कोणत्या सर्व्हरवर जाते, तेथे किती दिवस राहते आणि ते कोण कोण उघडू शकते, हे पाहण्याची वाटच बंद आहे.

ती वाट मी माहिती अधिकारातून शोधली. ९ डिसेंबरला अर्ज दिला. ॲप कोणी तयार केले, करार काय आहे आणि माहिती किती काळ ठेवली जाते, एवढेच विचारले होते. कलम ८(१)(घ) दाखवून, व्यापारी गुप्ततेच्या कारणाने माहिती नाकारली असे उत्तर आले. माझ्या आईचा चेहरा आणि तिच्या पुतण्या-भाच्यांचे नंबर गुप्त राहिले नाहीत. कंत्राटदाराचे नाव मात्र गुप्त आहे.

हे माझ्याच नशिबी आले असे नाही. आरोग्य सेतू हे ॲप एप्रिल २०२० मध्ये आले, १ मे २०२० च्या आदेशाने सरकारी आणि खासगी कर्मचाऱ्यांना ते सक्तीचे झाले, आणि ते कोणी तयार केले असे एका नागरिकाने विचारल्यावर माहिती उपलब्ध नाही असे उत्तर मिळाले. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला त्यावर नोटीस काढावी लागली. मात्र त्याच ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड, म्हणजे ॲप ज्या सूचनांवर चालते तो मूळ मजकूर, टीका झाल्यावर, २६ मे २०२० रोजी सरकारने सर्वांसाठी खुला केला होता. कोट्यवधी लोकांच्या फोनमधल्या ॲपचा कोड उघडता आला, तर एका हयातीच्या दाखल्याच्या ॲपचा कोड उघडायला कशाची अडचण आहे?

आपण कदाचित म्हणाल की कोड उघडला तर चोरांचे फावेल. हे मी अधिकाऱ्यांकडून ऐकले आहे आणि ते चूक आहे. कोड उघडणे म्हणजे लोकांची माहिती उघडणे नव्हे. कुलूप कसे बनवले आहे हे साऱ्या गावाला माहीत असले तरी किल्ली हातात असल्याखेरीज ते उघडू नये, तरच ते कुलूप खरे. डच भाषातज्ज्ञ ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी हेच तत्त्व सैन्याच्या गुप्त लिपीबद्दल १८८३ साली मांडले आणि आजही जगभर सुरक्षेचे काम करणारे लोक तेच मानतात. आपल्या सर्वांच्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात असलेले लिनक्स हे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर १९९१ पासून उघडे आहे. हजारो डोळ्यांनी ते तपासले जाते, त्यातल्या चुका सापडतात आणि दुरुस्त होतात. बंद ॲपमधली चूक माझ्या आईसारख्या कोणाला तरी ३८,६०० रुपयांना सापडते.

शिवाय हे माझे मागणे नवे नाही. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता येतो अशा, सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. ई-प्रशासनाच्या कामात बंद सॉफ्टवेअरपेक्षा मुक्तस्रोताला प्राधान्य द्यावे आणि तसे न केल्यास त्याचे कारण द्यावे, असे त्यात आहे. त्याच वर्षी सरकारी ॲप्लिकेशनचा कोड खुला करण्याचेही धोरण आले. अकरा वर्षे होत आली. केरळने शाळांमधले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालवून दाखवले. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिब्रेऑफिस या कार्यालयीन कामाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचा निर्णय घेतला. आपल्या राज्यात निविदा निघते, कंत्राट दिले जाते, पैसा आमचा जातो, आणि त्यातून तयार झालेली वस्तू आम्हीच पाहायची नाही.

बंद वस्तूवर विसंबून राहिले की काय होते, हे मी माझ्या धंद्यात आधीच भोगले आहे. नव्वदीत आम्ही ज्या सॉफ्टवेअरवर मराठी जुळवायचो त्याच्यासोबत एक डोंगल यायचे. ते संगणकाच्या मागे लावले नाही तर अक्षर उमटत नसे. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि त्यातला ‘क’ कोणत्या खुणेवर बसवला आहे हे त्या कंपनीलाच ठाऊक. माझे डोंगल २००४ मध्ये बिघडले, ते विकणारे दुकान तोवर बंद झाले होते, आणि मी स्वतः रात्र-रात्र जागून लावलेले दिवाळी अंक, परळ-लालबागच्या मंडळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, गिरण्या बंद पडल्यावर कामगारांनी लिहिलेल्या आठवणी, या सगळ्या फायली आज उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसतो. फाइल माझ्या कपाटात आहे, मजकूर माझ्या हातचा आहे, आणि तो मला वाचता येत नाही. ज्या फायली मी पुढे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींसाठीच्या जागतिक सामायिक पद्धतीत, केल्या त्या मात्र आजही कोठेही उघडतात, कारण युनिकोडमधला ‘क’ कोणाच्या मालकीचा नाही. गेल्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० ला कंपनीचे पाठबळ थांबले तेव्हा माझा चांगला चालणारा संगणक भंगारात काढायची पाळी आली होती. मी त्यावर लिनक्स टाकले. हे पत्रसुद्धा लिब्रेऑफिसमध्ये, आपल्या मुंबईतच घडलेल्या ‘मुक्त’ या खुल्या फाँटमध्ये लिहिले आहे. हे स्वातंत्र्य माझ्या दुकानात मी मिळवू शकलो. आईच्या फोनमध्ये ते मला मिळाले नाही, कारण तेथे सरकारची सक्ती आहे.

या सक्तीची आता सवयच होत चालली आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे फोनचोरी आणि फसवणुकीच्या तक्रारींसाठीचे सरकारी ॲप आधीच घातलेले असावे आणि ते बंद करता येऊ नये असा आदेश काढला. लोकांनी आरडाओरडा केल्यावर ३ डिसेंबरला तो मागे घेतला. म्हणजे पाच-सहा दिवस तरी सरकारला असे वाटत होते की नागरिकाने आपल्या पैशाने घेतलेल्या फोनमध्ये काय राहावे हे सरकारने ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो निकाल फक्त मोठ्या लोकांसाठी आहे का? लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतल्या म्हातारीला तो लागू नाही का?

त्या हक्कासाठी म्हणून केलेला २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा मी अक्षरशः शब्द लावून वाचला. तो केंद्राचा आहे, आपला नाही, हे मला समजते. परंतु राज्यातली कार्यालये त्याच्याच आडोशाला उभी राहणार आहेत. त्यात माहिती सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो दंड सरकारच्या संचित निधीत जमा होतो आणि ज्याची माहिती गेली त्याला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. आधी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये भरपाईची जी वाट होती, ती काढून टाकण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. खोटी तक्रार केल्यास नागरिकाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. सरकारी यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूट देता येते. याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करून ‘वैयक्तिक माहिती’ या एका शब्दाखाली आणखी कितीतरी झाकता येईल अशी सोय केली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिने दिले. कार्यालयांना आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने मिळतात. माझ्या आईला नवा फोन घेऊन, तो शिकून, त्याच्यापुढे चेहरा धरायला एक महिना मिळाला.

मी फार मागत नाही. जे ॲप नागरिकावर सक्तीचे आहे त्याचा कोड उघडा असावा, ते कोणी बनवले आणि त्यातली माहिती कोठे व किती दिवस राहते हे कार्यालयाच्या भिंतीवर मराठीत लिहिलेले असावे, आणि ज्याला ते वापरायचे नाही किंवा वापरता येत नाही त्याच्यासाठी कागद घेणारी एक खिडकी चालू राहावी. एवढे होत नसेल तर निदान त्या खिडकीवरच्या माणसाला त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याचा अधिकार परत द्या.

नवा फोन आईने बंद करून कपाटात, पातळांच्या घडीखाली ठेवला आहे. हप्ते चालू आहेत. कोणाचाही फोन आला तर ती आता घेत नाही, माझ्या बहिणीचासुद्धा नाही.

येत्या सोमवारी, १६ फेब्रुवारीला, सकाळी ११ वाजता मी तिला घेऊन पुन्हा त्या कार्यालयात जाणार आहे. बँकेच्या अधिकाऱ्यांनी सही-शिक्का केलेला कागदी दाखला बरोबर असेल. तो त्यांनी स्वीकारावा असा लेखी आदेश त्याआधी काढावा, ही विनंती.

आपला,
एक अक्षरजुळणीकार
लालबाग, मुंबई
१२ फेब्रुवारी २०२६