मजुरी वाढली, पण केव्हा आणि कोणाची?

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा मसुदा वाचला. चौदाव्या शतकातील प्लेगच्या महामारीने इंग्लंडमधील शेतमजुराचे भले केले, हे त्यातील वाक्य मला खटकले. मजुरी वाढली हे खरे; पण ती केव्हा वाढली आणि तोवर कोण उरले होते, हे तू लिहिलेले नाहीस.

१३४८ च्या उन्हाळ्यात डॉर्सेटच्या किनाऱ्यावर रोग उतरला आणि पुढच्या दीडेक वर्षात देशातील निदान एक तृतीयांश, कित्येक अभ्यासकांच्या मते जवळजवळ निम्मी माणसे दगावली. मरणाऱ्यांच्या पापांचा कबुलीजबाब ऐकायला पाद्री उरले नाहीत, तेव्हा जानेवारी १३४९ मध्ये बाथ आणि वेल्स या इंग्लंडमधील गावांच्या बिशपने, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूने, कळवले की पाद्री न मिळाल्यास कोणाही सामान्य माणसापाशी, पुरुष नसेल तर स्त्रीपाशीही, कबुली द्यावी. (एरवी स्त्रीला हा मान कोणी दिला असता?) त्यातच कूळ मेले की घरातील सर्वांत चांगले जनावर जमीनदाराला देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती, म्हणजे नवरा पुरून आलेल्या बाईच्या गोठ्यातला बैलही जाई.

माणसे कमी उरल्याने मजूर जास्त मजुरी मागू लागले, तर सरकारने जून १३४९ मध्ये फर्मान काढून मजुरी साथीपूर्वीच्या दरावर बांधली आणि स्वतःचे साधन नसलेल्या साठीच्या आतील स्त्रीपुरुषांना कामाची सक्ती केली. १३५१ मध्ये त्याचाच कायदा झाला. तरी चोरून जास्त मजुरी देणारे मालक होतेच, कारण पीक शेतात उभे राहणे त्यांनाही परवडणारे नव्हते. मात्र धान्य १३७० नंतरच्या काही वर्षांपर्यंत महागच राहिले, त्यामुळे हातात आलेले जास्तीचे पैसे बरेचसे भाकरीतच गेले. मधल्या काळात, १३६१ मध्ये, साथ पुन्हा आली आणि तिने मुले इतकी नेली की बखरकारांनी तिला मुलांची साथ म्हटले.

खरी सुबत्ता आली ती यातून वाचलेल्यांच्या पुढच्या पिढीला, आणि तिलाही वेठबिगारी सुटावी म्हणून १३८१ मध्ये बंड करावे लागले. म्हणून तुझा मजुरीचा तक्ता १३५० पाशी थांबवू नकोस. तो १३८१ पर्यंत ने आणि शेजारी धान्याच्या भावाचा रकाना घाल.

तुझी,
आई