खाडीचे सहा आठवडे

वेलदूर, ता. गुहागर
मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

प्रिय माधवी,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. आगरात सुपारी उतरवायला माणसं होती, त्यामुळे हातात पेन धरायला आजचा दिवस उजाडला.

ईशानीची शाळा सोडवून तिला घरीच शिकवायला लागल्यावर इतिहास-भूगोलाची आखणी कशी करतेस, तुझा तक्ता पाठव, असं लिहिलंयस. तक्ता नाही गं. होता. पहिल्या वर्षी मी अश्मयुगापासून 1947 पर्यंतचा बावन्न आठवड्यांचा तक्ता करून माजघराच्या भिंतीला डकवला होता. दिवाळीपर्यंत कसेबसे मौर्यांपर्यंत पोचलो, आणि अशोकाचं नाव काढलं की ईशानीला तहान लागायची. मग एकदा धोपाव्याहून फेरीबोटीनं दाभोळला जाताना ती म्हणाली, "आई, एवढ्याशा गावात एवढी मोठी मशीद कुणासाठी?" मला उत्तर देता येईना. घरी आल्यावर तक्ता उतरवला, त्याच्या पाठकोऱ्या बाजूला खाडी काढली.

तेव्हापासून माझी रीत एकच. आधी प्रश्न, आणि तोही चालत किंवा होडीनं जाता येईल अशा जागेचा. सहा आठवडे तोच. इतिहास वेगळा, भूगोल वेगळा असं करायचंच नाही, कारण ते वेगळे होतच नाहीत. दाभोळचंच बघ. त्या मशिदीचं उत्तर शोधताना आधी पाणीच हाताशी आलं. वाशिष्ठीच्या मुखाशी बंदर, भरतीबरोबर होड्या आत गोवळकोटपर्यंत, तिथून चिपळूण, पुढे कुंभार्ली घाट चढून कराड, म्हणजे देशावर. बहमनी आणि आदिलशाही राज्यांना अरबस्तानातले घोडे हवे असायचे. दख्खनच्या हवेत चांगली पैदास होत नसे, म्हणून ते समुद्रावरून यायचे आणि जिथे खाडी आणि घाट एका रेषेत येतात तिथे उतरायचे. मशीद आदिलशाही काळातली. मक्केला निघालेली विजापूरची शहजादी चाच्यांच्या भीतीनं इथे अडकली आणि यात्रेचा पैसा तिनं मशिदीला लावला, असं लोक सांगतात. ईशानीच्या वहीत डावं पान 'लोक सांगतात'चं आणि उजवं 'पाहिलं, वाचलं'चं. शहजादी डावीकडे. घाट उजवीकडे. ही दोन पानं मात्र तू पहिल्या दिवसापासून ठेव.

तिचा जीव जडला तो अफानासी निकितिनवर. हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी, पंधराव्या शतकात एक घोडा घेऊन कोकणातल्याच चौल बंदरात उतरला. जुन्नरला तिथल्या खानानं घोडा काढून घेतला, धर्म बदल तर परत देतो म्हणाला, शेवटी कसाबसा परत मिळाला. चार महिने नुसतं पाणी आणि चिखल, असं त्यानं आपल्या पावसाळ्याबद्दल लिहून ठेवलंय. हे वाचून आमचे सासरे म्हणाले, "मग काय चुकीचं लिहिलान?" परतीच्या वाटेवर तो जहाजात बसला ते आमच्या समोरच्या दाभोळात. त्या दिवसापासून ईशानी फेरीबोटीत जरा ताठ बसते.

आता सुतळी. पडवी 17 फूट लांब. एक सेंटीमीटर म्हणजे एक वर्ष, असं धरून सुतळी बांधली. पायरीकडचं टोक म्हणजे आज. दुसऱ्या टोकाला, माजघराच्या दाराशी, 1508: पोर्तुगीज अल्मेदानं दाभोळ जाळलं ते वर्ष. त्याचा मुलगा चौलच्या लढाईत मारला गेला होता, त्या सूडापायी दीवला जाताजाता त्यानं हे गाव पेटवलं. निकितिन पडवीत मावेना, त्याला उंबरा ओलांडून माजघरात घ्यावा लागला. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आजच्या टोकापासून जेमतेम हातभर अंतरावर. तिथे आजोबांनी स्वतः चिंधी बांधली आणि त्या रात्री घरातली भांडी कशी वाजली ते सांगितलं. कोयनेवरून गाडी आणखी पुढे गेली. कोयना खरी कृष्णेला मिळणारी, तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जायचं. पण पोफळीच्या वीजघरातून पडलेलं पाणी वाशिष्ठीत येतं आणि आमच्या दारावरून अरबी समुद्राला जातं. खळ्यात जांभ्याचे दगड रचून सह्याद्री केला होता, त्यावर तांब्यानं पाणी ओतून हे दाखवलं. पोरीनं तीन वेळा ओतायला लावलं.

भरती-ओहोटीचंही सांगते, कारण तेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ निघालं. इथे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात, की भरतीची वेळ मिळते. आज अष्टमी, आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि तीही भांगाची, म्हणजे कमी चढणारी, उधाणाची नव्हे. महिनाभर रोज धक्क्यावर जाऊन तिनं वेळ लिहिली. कधी पाऊण तासानं चुकायचं. का चुकतं यावर खारवी काकांशी तिचा जो वाद झाला, तो मला कुठल्याच पुस्तकातून देता आला नसता.

नकाशाला भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा घे, दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर. दाभोळचा म्हणून गाजलेला वीजप्रकल्प दाभोळात नाहीच, खाडीच्या आमच्या बाजूला अंजनवेलला आहे, हे तिला नकाशा गिरवतानाच कळलं. 1880 चं रत्नागिरीचं गॅझेटियरही मिळव, पण ते तुझ्यासाठी. मुलीला वाचून दाखवू नकोस, झोपेल. शिवाय ते साहेबाच्या डोळ्यांनी लिहिलेलं आहे, हेही सांगावं लागतं.

एक चूक करू नकोस, मी केली. प्रत्येक विषय ओढूनताणून खाडीत बुडवायला गेले. अपूर्णांकांची गणितं होड्यांवर, कविता माशांवर. पंधरा दिवसांत घरात सगळ्यांना खाडीचा वीट आला. गणित आता वेगळं, सकाळी, मुकाट्यानं. आणि सहा आठवड्यांतले दोन कोरेच ठेव, ते आपोआप भरतात. परीक्षेची काळजी तुझ्या सासूबाईंना आहे ना? एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, आत्तापासून नको. तारखा घालून वही ठेव, म्हणजे झालं.

आणि आमची खाडी उचलून पुण्यात नेऊ नकोस. तुझ्या दारात मुठा आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, ते पाणी पाहिलेली माणसं तुमच्या पेठेत अजून सापडतील. त्यांना ते कुठवर चढलं होतं ते हातानं भिंतीवर दाखवायला सांग आणि पोरीला तिथे खडूनं रेघ मारू दे. नदी शहरातून अशी का वळते, गाव आधी कुठल्या काठाला वसलं, हे त्या रेघेपासून सुरू होईल. अशोक येईल मागाहून.

मे महिन्यात ये, पण पाऊस लागायच्या आत. येताना मंडईतून सुतळीचा मोठा गुंडा आण. आमची इथली संपली, आणि ईशानीला आता चौल जुन्या काळापासून धरायचंय, म्हणजे माजघर, स्वयंपाकघर, मागचं परसू धरून थेट विहिरीपर्यंत जावं लागेल.

तुझी,
शुभा